दीडशेवर कापलेला आलेख

मेल चारच ओळींचा होता आणि सभ्य होता. तेच जास्त वाईट. कुणी भांडायला आलं की मला उलट बरं वाटतं, मीही पदर खोचून उभी राहते. पण परदेशातल्या एका प्रयोगशाळेतल्या या बाईंनी अगदी गोड लिहिलं होतं. तुमचा लेख आवडला. तुमचं संयुग आम्ही इथे तीनदा बनवलं, ते अतिवाहक होतं यात शंकाच नाही. मात्र तुम्ही म्हणता ते चुंबकत्व आम्हाला दिसत नाही. आमचंच काहीतरी चुकत असणार. तुमच्या नमुन्याचा छोटासा तुकडा पाठवाल का?

"आमचंच काहीतरी चुकत असणार" हे वाक्य आमच्या धंद्यात कोण कधी लिहितं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी स्वतः ते कितीदा लिहिलंय. समोरच्याचं चुकलंय याची खात्री पटली की लिहायचं असतं ते.

सकाळचं पहिलं लेक्चर संपवून मी स्टाफरूममध्ये चहा घेत होते. मेल वाचला आणि कप तसाच खाली ठेवला. शेजारी बसलेल्या केमिस्ट्रीच्या बाई म्हणाल्या, "काय झालं हो, घरून फोन का?" मी म्हटलं, "नाही, साखर जास्त झालीय."

आता थोडं सांगायलाच हवं, नाहीतर एवढं घाबरण्यासारखं काय होतं ते कळायचं नाही. मी पनवेलच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात, म्हणजे खरं तर शिकवून उरलेल्या जिवात, संशोधन करते. विषय चुंबकत्व आणि अतिवाहक पदार्थ. अतिवाहक म्हणजे असा पदार्थ, की तो पुरेसा गार केला तर त्यातून वीज कणभरही अडथळा न येता वाहते. त्याचा दुसरा गुण असा की तो चुंबकाचा प्रभाव आत शिरू देत नाही, बाहेर ढकलतो. म्हणून अतिवाहकता आणि चुंबकत्व या दोघी सवती. एका घरात सहसा नांदत नाहीत. आणि कुठे नांदताना दिसल्याच तर जगभरचे लोक माना उंचावून बघायला येतात.

आमच्या लेखात आम्ही लिहिलं होतं की आमच्या घरात त्या नांदतात.

आम्ही म्हणजे मी आणि माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. ही मुलगी पनवेलचीच, कोकणी मुसलमानांच्या घरातली. अब्बा वीस-बावीस वर्षं कुवेतला होते. त्यांनी तिकडून पाठवलेल्या पहिल्या कॅल्क्युलेटरवर हिने लहानपणी घरातल्या प्रत्येकाचं वय सेकंदांत काढून ठेवलं होतं, असं तिची अम्मी मला सांगते. माझ्याकडे आली तेव्हा ती एक शब्द बोलायची नाही. पण तिच्या हाताला असं वळण होतं की मी वजन केलेली पूड ती पुन्हा वजन करायची. मला राग यायचा. वजन तिचंच बरोबर निघायचं, त्याचा जास्त यायचा.

त्या लेखामुळे आम्हाला काय मिळालं? मला एका मोठ्या परिषदेत बोलवलं. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्या भाषणानंतर चहाच्या टेबलाशी मला शोधत आले. आणि तिला मिळालं ते खरं. परदेशातल्या एका नामांकित गटात दोन वर्षांची जागा. तिथल्या प्रमुखांनी स्पष्ट लिहिलं होतं की या लेखाच्या जोरावर आम्ही तुझी निवड केली. प्रबंध सादर झाला होता, व्हायवा तेवढी बाकी होती, आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण म्हणजे हाच लेख. सहा आठवड्यांनी ती निघायची होती.

तर तो मेल आला तेव्हा टांगणीला लागला होता तो माझ्या एकटीचा जीव नव्हता. पण मेल फक्त मला आला होता, कारण पत्रव्यवहारासाठी लेखाखाली पत्ता माझा होता. मी तिला सांगितलं नाही. उगाच कशाला पोरीला घोर, असं मी स्वतःला बजावलं. खरं कारण वेगळं होतं. मी घाबरले होते, आणि आपण घाबरलोय हे मला कुणाला दाखवायला आवडत नाही, त्यातून विद्यार्थ्यांना तर मुळीच नाही.

घाबरणं माझ्या अंगवळणी पडलेलं आहे, पस्तीस वर्षांचं. एम.एस्सी.ला असताना आमच्या सरांनी एका थर्मासातून धुरकट द्रव नायट्रोजन ओतला, त्यात एक काळी वडी बुडवली आणि वर बोटाएवढा चुंबक सोडला. तो खाली पडलाच नाही. हवेत तरंगत राहिला. वर्गातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला पहिला विचार आला तो असा की, आत्ता पडला तर? सर म्हणाले, "पडत नाही. बघ, बोटाने ढकल." मी ढकलला, तो जागच्या जागी डुलला. त्या दिवसापासून मी या विषयात आहे आणि त्या दिवसापासून मला वाटत आलंय की आत्ता पडेल.

पनवेलला नोकरी लागली तेव्हा प्रयोगशाळा म्हणून मला मोडक्या बाकांची एक खोली मिळाली. तिच्यात मी भट्टी बसवली, वडी दाबायचं यंत्र बसवलं, काचेच्या कपाटांना रबरी पट्ट्या लावल्या, कारण इथली हवा म्हणजे अशी की पूड उघडी ठेवली तर संध्याकाळपर्यंत तिचा चिखल. द्रव नायट्रोजनचा पिंप तळोज्याहून टेम्पोतून यायचा आणि वाटेत गाडी अडकली की निम्मा उडून जायचा. खोलीच्या मागेच रस्ता. जासईकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर तिथून जायला लागले की आमचा नाजूक तराजू शहारायचा, आकडे नाचायचे. मग आम्ही दोन ट्रेलरच्या मधल्या वेळात वजन करायला शिकलो. एकजण खिडकीशी उभा राहून बघणार आणि "आता!" म्हणणार, की दुसऱ्याने आकडा वाचायचा. मोठ्या संस्थेतले लोक हे ऐकून हसतात. हसू देत, आमची वजनं कधी चुकली नाहीत.

चुंबकत्व मोजायचं यंत्र मात्र आमच्याकडे नाही. ते मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत आहे. तिथे अर्ज करायचा, तीन-चार महिन्यांनी दोन दिवस मिळतात. नमुने पर्समध्ये घालून जायचं आणि आकडे घेऊन यायचं.

मेलला उत्तर द्यायचा एक सोपा मार्ग होता. आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असलेला, कुणी बोलून न दाखवलेला. लिहायचं, "खेद वाटतो, तो नमुना मोजमापांत संपून गेला." एवढ्यावर कुणी पुढे विचारत नाही. पुढचे लोक मनात काय समजायचं ते समजतात, आणि लेख कपाटात पडून राहतो. मी ते वाक्य टाईप केलंसुद्धा. मग पुसलं. मग पुन्हा केलं. घरी नवऱ्याला सांगितलं, तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता तो म्हणाला, "आहे की संपलाय?"

"आहे."

"मग संपलाय कसं लिहितेस?"

"तुला नाही कळायचं," मी म्हटलं. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला सगळं असं सरळ वाटतं. त्याच्यावर मी त्या दिवशी भाजी खारट होण्यापासून ते पंखा घाण असण्यापर्यंत सगळ्यावरून चिडले.

पण प्रश्न बरोबर होता. नमुना होता. कपाटात मूळ वडीचा अर्धा तुकडा होता, आणि त्याच वडीचा दुसरा भाग कुटून केलेली पूड, जी आम्ही मोजली होती, तीही इवल्याशा कुपीत होती. पाठवायच्या आधी स्वतः मोजून बघावं म्हणून मी मुंबईच्या संस्थेत ओळख लावली, अर्ध्या दिवसाचा मोकळा वेळ मिळवला आणि विद्यार्थिनीला "दाताच्या डॉक्टरकडे चाललेय" असं सांगून निघाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मला त्या दिवशी नीट कळलं. तिने माझ्या दाताची एवढी चौकशी केली की मला खरंच दाढ ठणकल्यासारखी वाटायला लागली.

आधी वडीचा तुकडा लावला. यंत्र आपलं काम करत राहतं आणि पडद्यावर एकेक टिंब उमटत जातं. आम्ही तापमान केल्विनमध्ये मोजतो. शून्य म्हणजे त्याहून गार जगात काही नाही, आणि पनवेलची दुपार म्हणजे तीनशेच्या थोडं वर. तीनशेपासून खाली येत येत पंचविसाला आमची वडी अतिवाहक झाली, अगदी सुरेख. चुंबकत्व मात्र शून्य. वरही नाही, खालीही नाही. त्या परदेशी बाईंना जे दिसलं, तेच.

मग पूड लावली. पुडीत चुंबकत्व होतं! लेखात होतं तेवढंच. मला इतकं हायसं वाटलं की यंत्रावरच्या माणसाला मी वेलदोड्याच्या चहाचा आग्रह केला. पाच-दहा मिनिटं माझ्या डोक्यात नवीन लेखच तयार व्हायला लागला. म्हणजे कणांच्या पृष्ठभागावर असणार, कुटल्यावर पृष्ठभाग वाढतो, म्हणून वडीत दिसत नाही आणि पुडीत दिसतं! माणसाला वाचायचं असलं की तो कशाकशाला धरतो.

चहा पीत पीत मी पडद्यावरच्या वरच्या टोकाकडे पाहिलं. दोनशे साठच्या आसपास टिंबांची रांग जराशी खाली उतरली होती. एखाद्या घराच्या उंबऱ्याएवढी पायरी. त्या पायरीखाली चुंबकत्व थोडं घटत होतं, आणि उरलेलं थेट तळापर्यंत टिकून होतं.

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

ही पायरी मी दरवर्षी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवते. फळ्यावर काढते, खाली दोन रेघा मारते आणि सांगते, ही लक्षात ठेवा, कुठेही दिसली की ओळखा. लोखंडाच्या लाल ऑक्साइडची ती खूण आहे. त्या तापमानाला त्याचे मोठे कण चुंबकत्व बऱ्यापैकी गमावतात, बारीक कण गमावत नाहीत. आमच्या संयुगात लोखंड औषधालाही नव्हतं. म्हणजे सवती एका घरात नांदत नव्हत्याच. आमच्या पुडीत बाहेरून आलेला लाल ऑक्साइड होता, आणि आम्ही जगाला जे मोठ्या तोऱ्यात सांगितलं ते त्याचं चुंबकत्व होतं.

आणि मग मला आठवलं, आणि आठवू नये असं फार वाटलं. दोन वर्षांपूर्वी ती मुलगी हाच आलेख छापून माझ्या टेबलाशी आली होती. पेन्सिलने तिने दोनशे साठला एक छोटं वर्तुळ केलं होतं. "मॅडम, हे काय असेल?" मी लेख पाठवायच्या घाईत होते. मी मान वर न करता म्हटलं होतं, "अगं, आपलं लग्न पंचविसावर आहे, तू दोनशे साठच्या वरातीत काय नाचतेस? यंत्राचा काहीतरी धक्का असेल. आलेख दीडशेवर काप." खोलीतले बाकीचे हसले होते. तीही हसली होती. तिने आलेख दीडशेवर कापला, आणि पुढे कधी मला असं काही विचारलं नाही.

परत येताना पनवेलच्या अलीकडेच गाडी अडकली. अर्धा-पाऊण तास मी मागच्या सीटवर बसून पर्स दोन्ही हातांनी धरून होते, जणू कोणी हिसकावून घेणार होतं. माझं काय, माझी नोकरीची तीनेक वर्षं उरलीत. फार तर लोक म्हणतील, म्हातारपणी बाईंनी हात दाखवून अवलक्षण केलं. पण तिचं काय? सगळा डोलारा या एका लेखावर उभा. ते लोक "जागा रद्द" असं म्हणाले तर? व्हायवाला परीक्षकांनी तिसरं प्रकरणच फाडलं तर? आणि हे सगळं थांबवायला एक वाक्य पुरेसं होतं. नमुना संपला. बस.

लाल ऑक्साइड आला कुठून, हे मात्र शोधायलाच हवं होतं. पुढचे दोन दिवस मी प्रयोगशाळेत गंज शोधत हिंडले. खिडकीचे गज, भट्टीचं झाकण, पंख्याचा दांडा. सगळीकडे थोडा थोडा गंज होता, पण पुडीजवळ कुठेच नव्हता. शेवटी मी थकून मागच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिले. तिथे आमच्या कुंड्या आहेत, रांगेने, लालचुटुक, वर चुन्याची पांढरी पट्टी. कॉलेजात तपासणी समिती यायची असली की आमच्याकडे आधी कुंड्या रंगतात, मग फायली.

आमचे प्रयोगशाळेतले मामा झाडांना पाणी घालत होते. जासईचे, आगरी, माझ्याही आधीपासून इथे आहेत. मी विचारलं, "मामा, कुंड्यांना गेरू कोण लावतं?"

"आमीच. कमिटी येते तवा."

"भिजवता कशात?"

"बालदीत. पन ढेकळं असली तर फुटत नाय. मंग दोन वर्सांमागं कमिटी आली तवा तुमच्या त्या गुळगुळीत खलात कुटलेला."

गुळगुळीत खल म्हणजे आमचा अकीकाच्या दगडाचा खल. ज्याला नमुन्याशिवाय कशाचाही स्पर्श होता कामा नये, तो. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि मामा अगदी शांतपणे म्हणाले, "तुमीच बोल्ल्या ना मॅडम, कशात पन कुटा, पन अकराच्या आत कुंड्या लाल दिसल्या पायजेत."

मी बोलले होते. शब्दशः. प्राचार्यांनी मला झापलं होतं, आणि मी मामांना.

"धुतला होतात ना?"

"धुतला म्हंजे! साबनानं, तीनदा. आरशासारका केला. काय झाला मॅडम? तडा गेलाय का?"

"नाही मामा. काही झालं नाही."

गेरू म्हणजे लोखंडाचा लाल ऑक्साइड आणि माती, दुसरं काही नाही. दगडाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चरांत तो साबणाने निघत नाही. प्रयोगाच्या वहीत पाहिलं. समिती शुक्रवारी येऊन गेली होती, आणि आमची ती पूड सोमवारी कुटलेली होती. वहीत मुलीच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, खल ॲसिटोनने पुसला. ॲसिटोनला गेरू भीक घालत नाही, ॲसिड लागतं. पण खलात गेरू असेल असं जगात कुणाच्या स्वप्नात येईल?

त्यानंतर मी चार दिवस काहीच केलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण नाही केलं. लेक्चरं घेतली, बाजारात भाव न विचारताच मिरची घेतली, नवऱ्याशी बोलले नाही. रोज मेल उघडायचे आणि बंद करायचे. शेवटी संशोधनपत्रिकेला लेख मागे घेण्याचं पत्र लिहायला घेतलं, तेही पाठवायचं असं ठरवून नाही, नुसतं कसं दिसतं ते बघायला.

शनिवारी दुपारी विद्यार्थिनी आली. हातात प्लॅस्टिकची फाईल, व्हिसाची कागदपत्रं. चेहरा इतका उजळलेला की मला तिच्याकडे बघवेना. तिने लेखाची छापील प्रत माझ्यापुढे ठेवली. "मॅडम, यावर फक्त तुमची सही हवी. यातलं काम माझं आहे एवढं लिहायचं आणि सही. अम्मीने आत्तापासूनच लोणच्याच्या बरण्या बांधायला घेतल्यात."

मी पेन उघडलं. पहिल्या पानावर आमची दोघींची नावं होती. पेन टेकवलं, आणि हात पुढे सरकेना. बराच वेळ झाला असावा, कारण ती म्हणाली, "मॅडम, बरं वाटत नाहीये का? दात अजून दुखतोय?"

"दात कधी दुखतच नव्हता," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. मेल, मुंबई, वडी, पूड, पायरी, गेरू. सांगताना तिच्याकडे न बघता पेनच्या टोपणाकडे बघत होते. मागून ट्रेलर गेला, तराजूच्या काचा थरथरल्या.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"मेल येऊन नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस. आणि मी रोज इथे येत होते."

"मला वाटलं तुला उगाच..."

"मी काल तिकीट काढलं, मॅडम."

मी तिच्यापुढे लॅपटॉप सरकवला, त्यावर पत्राचा मसुदा होता. म्हटलं, "मी हे लिहिलंय. पाठवायचं की नाही ते तू सांग. तू म्हणालीस तर नाही पाठवणार. नमुना संपला असं कळवू आणि विषय संपेल." असं बोलून मी केवढा मोठा धोंडा त्या पोरीच्या गळ्यात अडकवला, हे मला बोलून झाल्यावर कळलं. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईने स्वतःचा निर्णय सत्तावीस वर्षांच्या मुलीवर ढकलला.

ती वाचत होती. हळूहळू, तिच्या पद्धतीने, वजन करावं तसं एकेक वाक्य. एका ठिकाणी थांबली.

"हे कोण? 'सहायक कर्मचाऱ्याच्या अनवधानाने खल दूषित झाल्यामुळे'?"

"मामा. नाव नाही लिहिलं मी त्यांचं."

"आपल्या लॅबमध्ये कर्मचारी किती आहेत मॅडम?"

मामा एकटेच होते.

"मामांनी गेरू कुटला, कारण त्यांना कुटायला सांगितलं. खल मी ॲसिडने धुवायला हवा होता, ते माझं. ते मी माझ्या तिकडच्या सरांना आजच लिहिणार, तुमचं पत्र जायच्या आधी. दुसऱ्या कुणाकडून त्यांना कळायला नको." तिने व्हिसाची फाईल बाजूला ठेवली. "जागा गेली तर गेली. अल्लाह मालिक. पण पुडीत गेरू होता म्हणून लेख चुकला नाही मॅडम. गेरू दिसत होता. मी तुम्हाला दाखवला होता."

तिला ते वर्तुळ आठवत होतं. अर्थात आठवत होतं. मला आठवायला परदेशातून एक मेल आणि एक यंत्र लागलं. तिला दोन वर्षं रोज आठवत असणार. रोज ती इथे येऊन वजनं करत होती आणि गप्प बसत होती, कारण मी तिला सगळ्यांसमोर वरातीत नाचवलं होतं.

"लिहा ना मग ते," ती म्हणाली.

मी मामांचं वाक्य पुसलं. त्या जागी लिहिलं की, मोजमापात दोनशे साठ केल्विनला लोखंडाच्या ऑक्साइडची खूण स्पष्ट होती. सहलेखिकेने ती त्याच वेळी निदर्शनास आणली होती. ती तपासण्याऐवजी आलेख दीडशेवर तोडण्याचा निर्णय माझा एकटीचा होता. इंग्रजीत ते जेमतेम तीन ओळींत बसलं. तिने वाचलं, "एकटीचा" या शब्दाशी बोट ठेवून मान हलवली, आणि तिथेच फोनवरून तिकडच्या सरांना मेल लिहून पाठवला.

मग मी ते म्हटलं. तीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याला न म्हटलेलं. "माझं चुकलं गं."

मला वाटलं होतं ती म्हणेल, असं काय बोलता मॅडम. आपल्याकडे रिवाजच आहे तो, वयाने मोठं माणूस चुकलं म्हणालं की समोरच्याने घाईघाईने त्याला सावरून घ्यायचं. मी खरं सांगते, मी त्या वाक्याची वाटच बघत होते.

"हो मॅडम," ती म्हणाली. "चुकलं."

आणि मी पत्र पाठवायचं बटण दाबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.